तिला कोण भरवतं

आमची कुत्री नऊ वर्षांची झाली आणि तिला भूक लागायला लागली.

त्याआधी ती जेवत नव्हती असं नाही, पण खाण्याच्या बाबतीत भारी नखरेल. दूध-भाकरी पुढे ठेवली की आधी वास घ्यायची, मग माझ्याकडे बघायची, मग घरभर एक चक्कर मारून आल्यावर उपकार केल्यासारखं तोंड लावायची. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तर कितीतरी दिवस ती अर्धं जेवण तसंच टाकत होती. कुत्री मुळात मुलीचीच. कॉलेजात असताना ती एका मैत्रिणीकडून हे पांढरं, झुपकेदार शेपटीचं पिल्लू ओढणीत गुंडाळून घेऊन आली होती. मुलगी गेली आणि कुत्री माझ्या वाट्याला आली.

त्यामुळे ती वाटी चाटूनपुसून साफ करायला लागली तेव्हा मला आनंद झाला. वाटलं, रुळली एकदाची माझ्यापाशी. पुढे ती रिकामी वाटी तोंडात धरून स्वयंपाकघरात यायला लागली आणि माझ्या पायाशी आदळायला लागली. त्याचंही मी कौतुक केलं. फोनवर मुलीला सांगितलं, "बघ, तुझ्याकडे कधी मागायची का अशी? माझ्याकडे मागते."

मग ती पाणी प्यायला लागली. बादलीच्या बादली. घरात लघवी करायला लागली, जे तिनं पिल्लू असतानाही फारसं केलं नव्हतं. पोट सुटलं, पाठ मात्र वाळली. दोन्ही कुशींवरचे केस सारखे गळाले आणि खालची कातडी इतकी पातळ झाली की शिरा दिसायच्या. आमच्या राहनाळ गावच्या रस्त्यावर तिला फिरवायला नेलं की बायका विचारायच्या, "गाभन हाय का गो?"

शेवटी आम्ही तिला ठाण्याला एका प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकली, तेवढ्या वेळात ही धापा टाकत माझ्या मांडीवर पडून होती. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक शांत मुलगी. तिनं रक्त घेतलं, एक इंजेक्शन दिलं, थांबायला सांगितलं, पुन्हा रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर तिनं मला समोर बसवून सांगितलं, "काकू, हिच्या मूत्रपिंडाजवळ छोट्या ग्रंथी असतात. त्यातून एक हार्मोन गरजेपेक्षा जास्त सुटतंय. याला कुशिंग म्हणतात. ही भूक, ही तहान, सगळं त्याचंच."

"म्हणजे ती खरी भूक नाही?"

"तिच्यासाठी खरीच आहे. पोट भरलं तरी तिला उपाशी असल्यासारखं वाटतं."

एवढे दिवस ज्याला मी माया समजत होते ते रक्तातलं काहीतरी होतं, हे मला त्या दिवशी कळलं. परतीच्या वाटेवर मी तिच्याशी बोललेच नाही.

डॉक्टरांनी कॅप्सूल दिली. ती रोज सकाळी जेवणातूनच द्यायची, रिकाम्या पोटी नाही. जेवण ठरल्या वेळी, ठरलेलं, मोजून. तेल-तूप नाही, तळलेलं नाही, मीठ-मसाला नाही. पाणी मात्र कधीच तोडायचं नाही. आणि निघताना दारात थांबवून त्या म्हणाल्या होत्या, "एक लक्षात ठेवा. ही कुत्री ज्या दिवशी जेवण नाकारेल, त्या दिवशी कॅप्सूल द्यायची नाही. मला फोन करायचा, लगेच."

मी हसले होते. ही आणि जेवण नाकारणार?

तेव्हापासून माझी सकाळ कुकरनं सुरू व्हायची. कोंबडीचं बिनचामडीचं मांस, दुधी, लाल भोपळा, मूठभर भात. शिजवायचं, कुस्करायचं, गार करायचं, वाटीत मोजायचं. कॅप्सूल मांसाच्या तुकड्यात दडवायची. एवढं करून ती वाटी ती पाच घासांत संपवायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिला दिलंच नाही काही. मी "नाही" म्हणायचे. दिवसातून किती वेळा "नाही" म्हणायचे त्याला सुमार नव्हता. ती माझ्या मागे मागे फिरायची, डब्यांच्या फळीखाली बसून कण्हायची, आणि मी पाठ फिरवून पोळ्या लाटायचे. मग घाईघाईनं आवरून दापोड्याला गोडाऊनच्या ड्युटीवर जायचे. तिथे मी गाड्यांच्या डिस्पॅचचं काम बघते.

आता जावेबद्दल सांगायला हवं.

आमच्या घराचं दार आणि माझ्या धाकट्या जावेचं दार समोरासमोर आहे. मधे सामाईक अंगण. सासऱ्यांची शेतजमीन गोडाऊनखाली गेल्यावर दोन्ही भावांनी जोडीनं ही घरं बांधली. जाऊ दिवसभर घरी असते. तिचं माहेर इथलंच, खाडीकडच्या गावातलं. माझं ठाणे शहरातलं. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, अंगानं भरलेली, मोठ्यानं हसणारी. तिच्या दारात कुणी ना कुणी बसलेलं असतंच. शेजारची पोरं, भाजीवाली, गोडाऊनच्या वॉचमनची बायको, जी तिच्याशी हिंदीत बोलते आणि ही तिला मराठी-हिंदीची खिचडी करून उत्तर देते. माणसं तिच्याकडे जातात. मी काही वाईट बाई नाही, पण माझ्या दारात कुणी बसत नाही.

माझी मुलगीसुद्धा तिच्याच दारात वाढली. मी ड्युटीवर असायचे. शाळेतून आली की ती काकूकडे जेवायची. संध्याकाळी मी विचारायचे, "काय खाल्लंस?" तर ती कालवणाचं असं वर्णन करायची की माझ्या हातातली पिशवी जड व्हायची. ताप आला तरी ती मला औषध मागायची आणि काकूला पेज. आजही बंगळुरूहून फोन आला की माझ्याशी बोलणं होतं गॅस, बँक, तब्येत यांचं. काकूशी होतं ते हसणं. मला पलीकडून ऐकू येतं.

याचा मी कधी बोभाटा केला नाही. करणार तरी काय? जावेनं माझी मुलगी सांभाळली, याबद्दल तिच्याशी भांडता येत नाही. आभारच मानावे लागतात, आणि मी ते मानत आले.

पण कुत्री माझी होती. निदान तिच्या आजारपणापासून तरी ती माझी होती. तिची औषधं, तिची लघवी पुसणं, तिला ठाण्याला नेणं, सगळं मी. त्यामुळे तिचं ते बदललेलं वागणं मला आधी लक्षातच घ्यायचं नव्हतं. संध्याकाळी मी फाटक उघडलं की पूर्वी ती धावत यायची. आता ती जावेच्या पायरीवर पडलेली असायची आणि तिथूनच शेपटी हलवायची. मी तिच्या नावानं हाक मारली की ती एक कान हलवायची. जाऊ आतून "ये गो बाय माझी" म्हणाली की ती उठून आत जायची. नऊ वर्षं जे नाव आम्ही हाकारत होतो ते तिला पुरेना, आणि गावात कुठल्याही पोरीला म्हणतात ते "बाय" तिला पुरायला लागलं.

एका दुपारी ड्युटीवर माल भरायची गाडी लागायची होती म्हणून मी फोन चाळत बसले होते. जावेचं स्टेटस दिसलं. ती पायरीवर बसलेली, पुढे ताट, आणि आमची कुत्री तिच्या हातातून खात होती. कुत्रीचे डोळे अर्धे मिटलेले होते. खाली तिनं लाल बदामांची रांग लावली होती आणि लिहिलं होतं, "माझी पोर".

ताटात भात होता, त्यावर माशाचं लालभडक कालवण.

मी तो फोटो मोठा करून करून बघितला. खरं सांगायचं तर कालवणाचा राग नंतर आला. आधी दिसले ते मिटलेले डोळे. माझ्या हातून खाताना तिनं कधी डोळे मिटले नव्हते. माझी वाटी ती उघड्या डोळ्यांनी, घाईनं, कुणीतरी हिसकावून घेईल अशी खायची.

घरी आल्यावर पिशवीही न ठेवता मी समोर गेले. जाऊ मेथी निवडत होती. कुत्री तिच्या मांडीला टेकून.

"तू हिला कालवण घालतेस?"

"कालवन कुठं ताई, वरचा रस्सा जरासा," ती म्हणाली. "भात कोरडा उतरत न्हाय तिला."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला माहीत आहे. मीठ नाही, मसाला नाही, तेल नाही. मी तुझ्या समोर दहा वेळा बोलले आहे."

"बोलल्या होत्या ओ. पन तुमी ड्युटीवर जाता. ही माझ्या दारात येऊन बसते, तोंडाकडं बघत. मना न्हाय बघवत. तुमी उपाशी ठेवलंय तिला."

"उपाशी? मी पहाटे उठून तिच्यासाठी वेगळं शिजवते!"

"शिजवता, पन मोजून. प्रेमानं कोन मोजून वाढतं का?"

ती हे भांडायला म्हणाली नव्हती. तिच्या आवाजात कुठे खोच नव्हती, हेच वाईट होतं. मी कुत्रीचा पट्टा धरला आणि तिला ओढत घरी आणलं. ती चारही पाय जमिनीला रोवून मागे वळून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी ड्युटीला जाताना तिला घरात कोंडायला लागले. पाणी भरून ठेवायचे, पंखा लावायचे, आणि कुलूप. संध्याकाळी दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे दिसायचे. नवरा म्हणाला, "दिवसभर रडते गं ती, लोक बोलतात." मी म्हटलं, "रडू दे. जगेल तरी." नवरा आणि दीर दोघं नेहमीसारखे ओट्यावर एकत्र चहा पीत बसायचे. आम्ही दोघींनी मात्र एकमेकींशी बोलणं बंद केलं. अंगणात समोरासमोर कपडे वाळत घालायचो, पण चिमटा पडला तरी उचलून द्यायचो नाही. सकाळ-संध्याकाळ मात्र मला कुत्रीला अंगणात सोडावंच लागायचं, तेव्हा ती आधी जावेच्या दाराकडे जायची. मी खिडकीतून पहारा द्यायचे. मला माझीच लाज वाटायची आणि तरी मी खिडकी सोडायचे नाही.

काही आठवडे असे गेले. पोट जरा उतरलं, पाणी कमी झालं. कॅप्सूल लागू पडत होती. मला मनातून वाटत होतं, बघ, माझ्या मोजण्यानं बरी होते आहे. मला जावेच्या दारात जाऊन हे सांगावंसं वाटत होतं. अबोल्यामुळे तेवढं जमत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी तिनं वाटीकडे बघितलं आणि मान फिरवली.

मला पहिल्यांदा काय वाटलं, ते मी लपवणार नाही. मला वाटलं, जावेनं हिला आधीच भरवलं. सकाळी मी तिला अंगणात सोडून दोन मिनिटं आंघोळीचं पाणी काढायला गेले होते. तेवढ्यात साधलं तिनं. पोट मसालेदार माशानं भरलंय म्हणून माझी वाटी नको झालीये. रागानं माझे कान तापले. मी कुत्रीला म्हटलं, "खा. मुकाट्यानं खा." मांसाचा तुकडा तिच्या तोंडाशी नेला. तिनं तो हुंगलाही नाही. खाली फरशीवर हनुवटी टेकली. मग मी ठरवलं, जेवण राहू दे, कॅप्सूल तरी घशात घालू. नवरा आणि दीर एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेले होते. मी एकटीच तिचं तोंड उघडायला गुडघ्यावर बसले, कॅप्सूल बोटांत धरून.

तेवढ्यात दारात जाऊ उभी राहिली. इतक्या आठवड्यांनी माझ्या उंबऱ्यावर. एक ओला हात पदराला पुसत होती.

"ताई," ती म्हणाली, "मंग मना काय बोलायचं ते बोला. मी मघाशी हिला बोंबलाचा तुकडा दिला."

"दिलास ना? मला माहीतच होतं."

"ऐका तरी. दिला, पन तिनं घेतला न्हाय. वास घेतला, तोंड फिरवलं. काल संध्याकाळी पन तसंच. मना वाटलं तुमी पोटभर घातलंय. म्हनून गप बसले." ती उंबरा ओलांडून आत आली. "ताई, ही बोंबील सोडनारी न्हाय हो."

मी वाटीकडे बघितलं. ती भरलेली होती. जावेच्या दुसऱ्या हातात तो बोंबलाचा तुकडा अजून होता, तिनं तो टाकला नव्हता. मला वाटत होतं तिनं खाल्लं तिथे, तिला वाटत होतं इथे, आणि कुत्रीनं कुठेच खाल्लं नव्हतं. डॉक्टरांचं ते दारातलं बोलणं तेव्हा मला आठवलं. मी कॅप्सूल खाली ठेवली आणि फोन घेतला.

डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. "उलटी झाली का? उभी राहते का?" मी तिला उठवायला गेले तर तिचे मागचे पाय थरथरून बसले. "आत्ता घेऊन या," त्या म्हणाल्या. "कॅप्सूल द्यायची नाही."

जाऊ रस्त्यावर पळाली आणि रिक्षा घेऊन आली. मी म्हटलं, "तू कशाला येतेस?" ती आत बसली आणि तिनं हात पुढे केले. रिक्षात जागाच अशी होती की कुत्रीचं डोकं तिच्या मांडीवर आणि मागचं अंग माझ्या. पुलावर रविवार असूनही गाड्या खोळंबल्या होत्या. जाऊ रिक्षावाल्याला हिंदीत सांगत होती, "भैया, बाजू से निकालो ना, बच्ची बीमार है." कुत्रीत नुसती धुगधुगी उरली होती. आणि त्या अवस्थेतही मी बघत होते की तिचं नाक जावेच्या तळहातात आहे. माझ्या वाट्याला तिचे मागचे पाय आले होते. मरू घातलेल्या जनावराशेजारी बसून माणूस असले हिशोब करतो, हे मला त्या रिक्षात कळलं.

दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त घेतलं. डॉक्टरांनी आमच्याकडे बघून विचारलं, "हिला कोण भरवतं?"

"मी," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "मग दोघी सांगा. शेवटचं काय खाल्लं, कधी?"

मी माझं सांगितलं. मग जाऊ बोलायला लागली, आणि मी ऐकत राहिले. मी कुलूप लावून गेले तरी ती खिडकीच्या गजांतून हात घालून भरवत होती. स्टूलवर चढून, आणि आतून कुत्री पलंगावर चढायची. भांडणानंतर तिनं रस्सा मात्र बंद केला होता. माशाचा तुकडा पाण्यात धुऊन, काटा काढून, मसाला पुसून द्यायची. "कधी कधी अंड्याचा पांढरा," ती म्हणाली. "आनि एकदा वडा. गनपतीत. एकच." वड्याचं सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी आम्हाला दोघींनाही सुनावलं. मग म्हणाल्या, "पण आजचं हे खाण्यामुळे नाही. औषध तिच्या शरीराला जास्त झालंय. आधी हार्मोन फार होतं, आता एकदम कमी पडलं. आणखी एक कॅप्सूल गेली असती तर अवघड होतं. तुम्हाला वेळेत कसं कळलं?"

जाऊ म्हणाली, "तिनं दोघींकडंपन खाल्लं न्हाय ना."

कुत्रीला दवाखान्यातच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर सुट्टी टाकली आणि डब्यात तिचं जेवण घेऊन गेले, तेच दुधी-भोपळा, तेच मांस, पण नेहमीपेक्षा मऊ केलेलं. जाऊ बरोबर होती. पिंजऱ्याच्या दारात बसून मी तिला हाका मारल्या. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, शेपटीचं टोक हललंसुद्धा. पण घास तोंडाशी नेला की ती मान वळवायची. डॉक्टर म्हणाल्या, "हिनं आज थोडं तरी खायला हवं." मी बोटावर, चमच्यावर, तळहातावर, सगळ्या रीतींनी नेऊन बघितलं. शेवटी मी डबा जावेकडे सरकवला. तो माझा हात किती जड होता ते मलाच माहीत.

जावेनं चिमूटभर घेतलं, बोटांत फिरवून त्याची गोळी केली आणि "बाय गो, येवढुसा," म्हणत तिच्या ओठांना लावली. कुत्रीनं जीभ बाहेर काढली. चाटलं. मग दुसरी गोळी. तिसऱ्या गोळीला तिनं डोळे मिटले.

"खाल्लं!" डॉक्टर मागून म्हणाल्या. जाऊ रडायला लागली.

मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहिले. ती वाचली याचा आनंद होता, खोटा नव्हता तो. पण जेवण माझं होतं. माझ्या कुकरमधलं, माझ्या हातानं कुस्करलेलं, माझंच जेवण तिनं दुसऱ्या बाईच्या हातून डोळे मिटून खाल्लं. माझी मुलगी लहानपणी माझ्या डब्यातली भाजी तशीच घरी आणायची आणि काकूच्या ताटात घालून दिली की तीच भाजी संपवायची, ते मला तिथे जिन्यात आठवलं. मी तोंड धुतलं आणि आत गेले. जाऊ म्हणाली, "तुमच्या हातचं गोड लागलं तिला." तिला वाटत होतं मला बरं वाटेल.

कुत्री घरी आली. कॅप्सूल बदलून कमी ताकदीची दिली, ती पुन्हा तपासणी करून मगच सुरू केली. आणि आम्ही दोघींनी ओट्यावर बसून नवा नियम ठरवला. सगळं जेवण मी शिजवायचं. सकाळची वाटी, कॅप्सूलसकट, मी द्यायची. दुपारची वाटी झाकून मी जावेच्या ओट्यावर ठेवून जायची आणि ती तिनं भरवायची. त्यात तिनं स्वतःचं काही घालायचं नाही.

"मासा?" तिनं विचारलं.

"डॉक्टरांना विचारते."

डॉक्टरांनी ओला बोंबील चालेल म्हटलं, नुसत्या पाण्यात उकडलेला, बिनमिठाचा. जावेला लॉटरी लागल्यासारखं झालं. दीर कुरकुरला की घरात कालवणाला उरत नाहीत, सगळे चांगले बोंबील कुत्रीला. तिनं लक्ष दिलं नाही. कुलूप गेलं. दारावरचे ओरखडे नवऱ्यानं रंग देऊन झाकले.

हळूहळू तिच्या कुशीवर केस आले. पूर्वीसारखे शुभ्र नाहीत, जरा मळकट, आखूड, पण आले. भूक माणसात आली. आता ती वाटी संपवते आणि एखाद्या वेळी पाणी पिऊन थेट झोपायलाही जाते. आजाराचं नाव जावेला कधीच नीट घेता आलं नाही. ती त्याला "खुशीचा आजार" म्हणते आणि भाजीवालीला तो सविस्तर समजावून सांगते. भाजीवाली अशी ऐकते की मला वाटतं, हे मी सांगितलं असतं तर तिनं पालेभाजीची जुडी बांधता बांधता फक्त मान हलवली असती.

मत्सर गेला का? नाही. त्याला आता वेळापत्रक आलं एवढंच. दुपारचे दीड वाजले की मी दापोड्यात कुठल्याही कामात असले तरी मला कळतं, आत्ता ती भरवत असेल.

मागच्या लग्नसराईत जाऊ माहेरी गेली. भावाच्या मुलीचं लग्न, हळदीपासून पूजेपर्यंत आठवडाभर मुक्काम. जाताना तिनं मला शंभर सूचना दिल्या. गोळ्या लहान करा, घाई करू नका, "बाय" म्हणा. मी मान हलवली आणि फाटक लावताना माझ्या छातीत अगदी उघड आनंद झाला. मी ड्युटीवरून अर्ध्या रजा टाकल्या. दुपारची वाटी मी भरवली, ओट्यावर बसून, गोळ्या करून. पहिल्या दिवशी तिनं घास घेण्याआधी बंद दाराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशीही. पण खाल्लं. सगळं खाल्लं. चौथ्या दिवशी तिनं खाताना डोळे मिटले. मी श्वास रोखून बसले होते. फोटो काढावा म्हणून फोनकडे हातही गेला, पण मग म्हटलं नको, हालचाल होईल.

जेवण झालं की मात्र ती उठून समोर जायची आणि जावेच्या कुलूप लावलेल्या दाराला पाठ लावून झोपायची. संध्याकाळी मी उठवेपर्यंत. रोज.

जाऊ परत आली ती रिक्षातून उतरायच्या आधीच हाका मारत. कुत्री धावली, तिच्या साडीवर चढली, तिचं तोंड चाटायला लागली. मी ओट्यावर वाटी विसळत उभी होते. जाऊ धापा टाकत पायरीवर बसली, हातातल्या हिरव्या बांगड्या सावरल्या आणि विचारलं, "जेवली का ओ नीट? मी न्हवते तर?"

"जेवली," मी म्हटलं. "सगळं संपवायची. डोळे मिटून."

"डोळे मिटून?"

"हो."

ती हसली, पण ते हसू मधेच थांबलं. कुत्रीच्या पाठीवरून तिचा हात फिरायचा तो हळू झाला. "मंग माझी आठवन न्हाय आली म्हनायची तिला," ती म्हणाली. नेहमीसारखंच गमतीत म्हणायला गेली, पण तिला ते जमलं नाही. ती कुत्रीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चांगलं ओळखत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

बंद दाराचं तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी वाटी पालथी घातली, हात पुसले आणि म्हटलं, "चल, चहा टाकते. लग्नाचं सांग."

ती कुत्रीला घेऊन माझ्या घरात आली. चहा होईपर्यंत तिनं हळदीचं, मांडवाचं, रुसलेल्या व्याह्यांचं सगळं सांगितलं. मी हसले, खरंच हसले. दाराचं मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.